पिशवीला दोन मापं

सकाळी पावणेसहाला तळ्याच्या पाण्यावर माशांची तोंडं उघडी दिसली. एक-दोन नव्हे, काठापासून मधल्या खांबापर्यंत सगळीकडे. पुरतं उजाडलं नव्हतं, त्यामुळे सिस्टरला आधी वाटलं, पाण्यावर बारीक पाऊस पडतोय. तिने हात पुढे करून पाहिला. हात कोरडाच राहिला.

तिने खाद्याची बादली खाली ठेवली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "वहिनी, ऊठ. पंप लाव."

वहिनी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवायचा, म्हणून घरात बहुतेक वेळ या दोघीच. वहिनी शिवणकाम करायची आणि कुणी झोपेतून उठवलेलं तिला अजिबात खपत नसे. पण आज हाकेतला सूर वेगळा होता. इस्पितळात एखाद्या पेशंटचे ओठ निळे पडले की सिस्टर याच सुरात ऑक्सिजन मागायची, असं वहिनी ऐकून होती. ती अनवाणीच धावत आली.

पंप तळ्यातलंच पाणी ओढून भोकं पाडलेल्या नळीतून परत तळ्यावर फवारायचा. तो सुरू होईपर्यंत सिस्टर गुडघाभर पाण्यात उभी राहून रुंद फळीने पाणी बडवत होती. हवा पाण्यात मिसळावी म्हणून.

"मेलेत का?" वहिनीने विचारलं.

"नाही. श्वासासाठी वर आलेत."

"एवढे सगळे? मला वाटलं होतं आपण थोडेसे मासे पाळलेत. ही तर जत्रा आहे."

 सिस्टरचा हात थांबला नव्हता. ऊन पाण्यावर आलं तशी तोंडं एकेक करून खाली गेली आणि थोड्या वेळाने तळं असं दिसू लागलं, जणू काही झालंच नव्हतं. दोघींनी काठाकाठाने फिरून पाहिलं. मेलेला एकही मासा सापडला नाही.

"आभारी आहे," सिस्टर म्हणाली.

"घरच्या माणसाचे आभार कोण मानतं, ताई? चहा टाकते म्हणा, तेवढं पुरे," वहिनी म्हणाली. पण चहा तिनेच टाकला.

सिस्टर निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. श्वसनरोगाच्या वॉर्डात तिची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही वस्तीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. भाजीवाला, पोस्टमन, इतकंच काय, फोनवर भाऊसुद्धा. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने ती पहाटे उठून गणवेशाला इस्त्री करायची आणि इस्त्री झाल्यावर तिच्या लक्षात यायचं. मग तिने हे तळं मागितलं.

तळं कसलं, वीटभट्टीने माती उपसून सोडून दिलेला खड्डा होता तो. वस्तीच्या पाणी समितीच्या ताब्यात होता. समितीतल्या काहींना तो बुजवून गाड्या लावायला सपाट मैदान करायचं होतं. अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. तळं सिस्टरला एका हंगामापुरतं द्यायचं. तिने त्यात माशांची पिल्लं वाढवायची. हंगामाच्या शेवटी समितीसमोर जाळं ओढायचं. पिल्लांची बोटुकली झाली, म्हणजे ती बोटाएवढी लांब आणि मोठ्या तळ्यात सोडण्याजोगी झाली, तर तळं पुढची पाच वर्षं तिचं. नाही झाली, तर माती भरायची.

"कुणाच्या बोटाएवढी?" वहिनीने त्या बैठकीत विचारलं होतं. अध्यक्षांनी आपलं बोट वर केलं होतं. त्यांची बोटं आखूड होती, ही एक जमेची बाजू.

सिस्टरने तळं सांभाळलं ते वॉर्डासारखं. पिल्लं आणण्याआधी पाणी उपसून तळ कोरडा केला, चुना टाकला, पिल्लं खाणारे पाणकिडे जाळीने वेचून काढले. पिल्लांच्या पिशव्या आल्या तेव्हा त्या लगेच उघडल्या नाहीत. तळ्यावर तरंगत ठेवल्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत थांबली, मग एकेक पिशवी अलगद कलंडली. बाकीचे तळेवाले म्हणायचे की पहिल्या आठवड्यात पांढऱ्या पोटांचा थर काठाला लागतो, त्याने घाबरू नका. तिच्या तळ्यात असा थर लागलाच नाही. ती रोज सकाळी काठाने फिरायची आणि घरी येऊन एकच वाक्य सांगायची, "एकही गेला नाही." वॉर्डात असं सांगायला मिळालेले दिवस बोटांवर मोजण्याइतके होते. इथे ते रोज मिळत होते.

आणि आता हे.

पाणी तपासणारी बाई दुपारी आली. मत्स्यविभागाची ही तरुण तज्ज्ञ स्कूटरला नमुन्याच्या बाटल्यांची पेटी बांधून तळ्यातळ्यांवर फिरायची. मागे सगळे तिला बाटलीबाई म्हणत, समोर मॅडम. सिस्टरने तिला सकाळी फोन केला होता आणि तिचा येण्याचा दिवस खरं तर परवाचा होता. तरी ती आज आली. सिस्टरने त्याबद्दल आभार मानले तेव्हा ती म्हणाली, "पहाटे तोंडं वर आली म्हटल्यावर परवापर्यंत थांबायचं नसतं."

तिने दोन ठिकाणचं पाणी बाटल्यांत घेतलं, थेंब टाकले, रंग बघितले. खाद्याचं ताट वर ओढून पाहिलं. हे भोकं पाडलेलं ताट दोरीने पाण्यात सोडलेलं असायचं. त्यात टाकलेलं खाद्य किती उरतं त्यावरून मासे किती खातात ते कळायचं. ताट चाटूनपुसून स्वच्छ होतं.

"केव्हा टाकलंत?"

"आत्ताच. तुमची स्कूटर वळणावर दिसली तेव्हा."

बाटलीबाईने भुवई उंचावली. मग तिने छोटं जाळं मागितलं, काठाच्या एका मापून घेतलेल्या भागात फिरवलं आणि आलेली पिल्लं पांढऱ्या टबात ओतली. सिस्टरने वाकून पाहिलं. रोज ती त्यांना वरून, पाण्यातून पाहत होती. टबात ती पहिल्यांदा शेजारी शेजारी दिसली. चार-दोन पिल्लं चांगली दांडगी होती. बाकीची मात्र डोक्याने मोठी आणि अंगाने बारीक, खुंटीला शेपूट लावल्यासारखी.

"किती सोडली होती?" बाटलीबाईने विचारलं.

"दहा हजार."

"मोजून?"

"पहिलं माप मी स्वतः मोजलं. पाचशे भरली. मग पिशवीला दोन मापं, अशा दहा पिशव्या."

बाटलीबाईने जाळं आणखी दोन ठिकाणी फिरवलं. दर वेळी टबात ओतून मोजलं, मोबाइलवर हिशेब केला, पुसून पुन्हा केला.

"सिस्टर, या वयाच्या दहा हजार पिल्लांतली सहा-सात हजार जगली तर लोक खूश असतात. तुमची काळजी बघता मी नऊ धरते. पण इथे वीस हजारांच्या आसपास आहेत."



"म्हणजे दहा हजारांतली वीस हजार जगली," वहिनी म्हणाली. "ताई, तुमच्या हाताला गुण आहे हे मी ऐकून होते. पण इतका?"

बाटलीबाई हसली, पण पुढचं तिने सरळ सांगितलं. तळं तेवढंच, हवा तेवढीच, पाण्यातलं नैसर्गिक खाणं तेवढंच, आणि तोंडं ठरल्याच्या दुप्पट. ताटापाशी जो दांडगा तो आधी पोचतो आणि आणखी दांडगा होतो. बाकीची ढकलाढकलीत जेवढी ताकद लावतात तेवढंही त्यांच्या पोटात जात नाही. विष्ठा वाढते, शेवाळ वाढतं, आणि रात्रभर सगळे मिळून पाण्यातली हवा संपवतात. पहाट झाली की तोंडं वर.

"खाद्य वाढवलं तर?" सिस्टरने विचारलं.

"तर पाणी आणखी बिघडेल. खाणं कमी नाही, जागा कमी आहे. निम्म्याहून जास्त बाहेर काढायला लागतील. या आठवड्यातच."

"समितीची पाहणी दोन आठवड्यांवर आलीय."

"मला ठाऊक आहे."

"तोवर वाढतील?"

बाटलीबाईने टबातली पिल्लं परत पाण्यात सोडली. "दाटीत खुरटलेली पिल्लं जागा मिळाली की झपाट्याने वाढतात, हे मी पाहिलंय. दोन आठवड्यांत बोटाएवढी होतील का, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर ते अंदाजाने असेल, आणि तुम्ही त्यावर विसंबाल."

वॉर्डात असं बोलणारे डॉक्टर सिस्टरला आवडायचे. "आभारी आहे," ती म्हणाली, आणि वहिनीने आभाळाकडे पाहिलं.

रात्रीच्या जेवणाला दोघी समोरासमोर बसल्या तेव्हा प्रश्न एकच होता, आणि तो सिस्टर टाळत होती. पिल्लं आली होती बीजवाल्यांकडून. नदीच्या वळणावर त्यांचं बीज केंद्र होतं. तिथे अंडी उबवून निघालेली पिल्लं विकली जात. त्यांच्याकडची रीत अशी की पहिलं माप गिऱ्हाइकाने मोजायचं. माप म्हणजे जाळीच्या तळाची एक वाटी. त्यात किती पिल्लं भरतात ते एकदा कळलं की बाकीच्या वाट्या नुसत्या ओतायच्या, त्या विश्वासावर.

सिस्टरने पहिलं माप मोजलं होतं. चमच्याने, पांढऱ्या वाडग्यात, पाच-पाच करून. मग बीजवाले म्हणाले होते, "आता बाकीचं माझ्यावर सोडा, सिस्टर." आणि त्यांची बायको तिला हाताला धरून आत चहाला घेऊन गेली होती.

ही बायको म्हणजे वॉर्डातली सतरा नंबर. तीन वर्षांपूर्वी फुप्फुसात पाणी होऊन ती आली होती आणि बरेच दिवस राहिली होती. तेव्हा वॉर्डात साथीचे पेशंट खचाखच भरले होते आणि तिची खाट कोपऱ्यात, तिसऱ्या रांगेत होती. एका सकाळी सिस्टरने कुणालाही न विचारता दोन कपाटं व्हरांड्यात काढली आणि सतरा नंबर खिडकीजवळ नेली. त्याबद्दल तिला वरून बोलणी खावी लागली होती. सतरा नंबर बरी होऊन घरी गेली. नाव तिचं काहीतरी चांगलं होतं, पण सिस्टरच्या तोंडी सतरा नंबरच बसलं, आणि तिलाही ते आवडायचं.

"पिशव्या मला काळ्याशार दिसल्या होत्या," सिस्टर अखेर म्हणाली. "मला वाटलं, तब्येतीने चांगली आहेत."

"त्यांनी जास्त घातली, ताई."

"असेल."

"मग विचारा त्यांना."

"काय विचारू? एवढं का दिलंत म्हणून? त्यांनी प्रेमाने घातली असतील आणि मी वाट्या मोजत त्यांच्या दारात जाऊ?"

वहिनीने ताट बाजूला सारलं. "तुम्ही त्यांचं मन जपणार आणि इकडे वीस हजार जीव तोंड वासून राहणार. एवढं मन जपायचं असेल तर मग तळं माती भरायला देऊन टाका. अध्यक्षांची गाडी पहिली लावू."

सिस्टर हसली नाही. ती उठून दाराशी गेली. तिथून तळ्याचा एक कोपरा दिसायचा. या घरात ती पाहुणीसारखी आली होती, निवृत्तीनंतर, एका बॅगेनिशी. सकाळी कशासाठी उठायचं ते तळ्याने दिलं होतं, आणि हे ती कुणाशी बोलली नव्हती. वहिनीला ते न सांगताच कळलं असावं, नाहीतर रोज पहाटे कुरकुर करत का होईना तिने पंप लावला नसता.

"उद्या जाते," सिस्टर म्हणाली.

"जाऊ," वहिनी म्हणाली. "तुम्ही एकट्या गेलात तर आभार मानून परत याल."

बीज केंद्रात सिमेंटच्या गोल टाक्यांमधून पाणी फिरत होतं. बीजवाले एका टाकीत वाकून जाळी घासत होते. उंच, अबोल माणूस, हात कायम ओले. सिस्टरला पाहताच ते सरळ झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"कमी भरली का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या धंद्यात लोक परत येत ते फक्त याच तक्रारीसाठी. माप कमी भरलं, पिल्लं वाटेत मेली, दुसऱ्याच जातीची निघाली.

"नाही, भाऊ. जास्त भरली."

बीजवाल्यांना वाक्य नीट समजलं नसावं. त्यांनी हात पंचाला पुसले आणि ते वाट पाहू लागले. तोवर सतरा नंबर आतून आली होती.

सिस्टरने पहाटेची गोष्ट सांगितली. बाटलीबाईचा हिशेब सांगितला. स्वर तिने असा ठेवला जसा पेशंटच्या घरच्यांशी बोलताना ठेवायची, तक्रारीचा वास येऊ न देता. तिचं बोलून झालं तेव्हा बीजवाले जमिनीकडे पाहत होते.

"पिशवीला एक माप वरचं घातलं मी," ते म्हणाले. "थोडी मरतातच. म्हटलं, सिस्टरना कमी पडायला नको."

"एक?" वहिनीने विचारलं. "दोनाची तीन केलीत, तर पंधरा हजार झाली. मॅडम तर वीस म्हणतात."

"मॅडमचं चुकलं असेल."

"मॅडमचं नाही चुकलं," सतरा नंबर हळूच म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"तुम्ही पिशव्यांत भरायच्या ऑक्सिजनच्या नळकांड्याची चावी शोधायला मागे गेला होतात. सिस्टर आत चहा पीत होत्या. तेव्हा मी. पिशवीला एकेक."

"मी आधीच घातलं होतं की," बीजवाले म्हणाले.

"मला काय ठाऊक? आपल्या लग्नापासून तुम्ही कुणाला मोजल्यापेक्षा एक शेपूट तरी जास्त दिलंय का?"

वहिनीला हसू आवरेना. तिने तोंडाला हात लावला, मग काढलाच. बीजवाले हसले नाहीत. त्यांनी टाकीच्या कठड्यावरची वाटी उचलली, ती धुतलेलीच होती, तरी पुन्हा धुऊ लागले.

"आता काय करायचं म्हणता?" त्यांनी पाठमोरे राहून विचारलं.

"निम्मी काढायची. तुमच्या दोन टाक्या रिकाम्या दिसतात."

"दिलेलं आम्ही परत घेत नाही, सिस्टर."

सिस्टरला याचीच भीती होती. तिने वहिनीकडे पाहिलं. पण वहिनी आता टाकीतल्या पाण्याकडे बघत होती. तिच्याकडून मदत नव्हती.

"भाऊ," सिस्टर म्हणाली, "निवृत्तीच्या दिवशी मला एक घड्याळ मिळालं. ते मागे चालतं. एवढ्या नोकरीच्या बदल्यात हातचं राखून न ठेवता कुणी मला दिलं असेल, तर ते तुम्ही दोघांनी. मी तेवढं नीट सांभाळलं. म्हणून तर ही वेळ आली. निष्काळजी असते तर निम्मी मेली असती आणि आज तुमच्या दारात यावंच लागलं नसतं."

बीजवाले वाटी धुवायचे थांबले.

"मी परत देत नाही. वॉर्ड भरला म्हणून आम्ही पेशंटला घरी पाठवत नाही. दुसऱ्या वॉर्डात हलवतो. माझी पिल्लं तुमच्याकडे हलवते. माझीच राहतील. तुम्ही फक्त बघा."

"मला हलवलं होतंत," सतरा नंबर म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी जागा केलीत, आणि मी काय केलं." 

"तू मला मासे दिलेस. जागा अडवणारी कपाटं कुठे दिलीस," सिस्टर म्हणाली.

बीजवाल्यांनी वाटी कठड्यावर उपडी ठेवली. "हलवणं चालेल," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "गेल्या उन्हात तिघा तळेवाल्यांची पिल्लं गेलीत. त्यांची तळी रिकामी आहेत. काही तिकडेही हलवता येतील. तुमची हरकत नसेल तर."

"माझी कशाला हरकत? त्यांना सांगा, सतरा नंबरकडून."

पिल्लं नुसती जाळ्यात पकडून पिशवीत भरता येत नाहीत. पोट भरलेलं पिल्लू पिशवीतल्या पाण्यात घाण करतं आणि त्यातच गुदमरतं. आधी त्यांना तळ्यातच एका जाळीच्या पेटीत उपाशी ठेवावं लागतं. ती पेटी वहिनीने शिवली. दोन जुन्या मच्छरदाण्या, कोपऱ्यांना चार गज, कडेला दुहेरी टीप. बीजवाल्यांनी टीप ओढून पाहिली आणि अशी आपल्यालाही एक हवी म्हणाले. वहिनी दिवसभर वस्तीत हेच सांगत फिरली.

जाळं ओढलं ते सकाळच्या गारव्यात. एका बाजूला बीजवाले, दुसऱ्या बाजूला वहिनी, काठावर बाटलीबाई. तिने सुट्टी घेतली होती, पण तसं ती म्हणाली नाही. म्हणाली, इकडूनच जात होते. पाण्यात वर्तुळ आवळत गेलं तसं पाणी उकळल्यासारखं दिसू लागलं. सिस्टर कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पिल्लं तिच्या पायांवर, पोटऱ्यांवर आपटत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या जागी ते कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

भरायची वेळ आली तेव्हा माप सतरा नंबरच्या हातात होतं. सिस्टर मोठ्याने मोजत होती.

"एक. दोन. पुरे. पुढची पिशवी."

"एकेक वरचं घालू का? थोडी मरतात वाटेत."

"सतरा नंबर, माप खाली ठेव आणि श्वास घे."

बाटलीबाई हसून काठावर बसली. बीजवालेही हसले, पहिल्यांदाच. पिशव्या टेम्पोत चढल्या. इस्पितळाच्या आवारात पाणी साठवायचा एक हौद होता. त्यात डासांच्या अळ्या फार झाल्या होत्या. तिथल्या नव्या सिस्टरने फोन करून एक पिशवी मागून घेतली होती. ती पिशवी वहिनीने मांडीवर धरून नेली.

जाताना सतरा नंबर तळ्याच्या काठाशी थांबली. "आता मोकळं वाटतं नाही?" ती म्हणाली. पाणी तर तसंच गढूळ होतं. आतलं काही दिसत नव्हतं. तरी सिस्टरने हो म्हटलं.

त्यानंतर सिस्टर रोज उजाडायच्या आधी काठावर जायची. पहिल्या दिवशी काही तोंडं वर दिसली, पण थोडी. मग तीही दिसेनाशी झाली. पंप तयार ठेवलेला असायचा. वहिनी उठून येई, पाणी बघे, "उगाच उठवलंत" म्हणे आणि तिथेच बसून चहा पिई. बीजवाले आठवड्यातून दोनदा फोन करून त्यांच्या टाकीतल्या पिल्लांची तब्येत सांगत. शेवटी "तुमची मजेत आहेत" म्हणत. इस्पितळातून निरोप आला की व्हरांड्यातले पेशंट हौदापाशी येऊन बसतात आणि माशांना ब्रेड टाकू नका म्हणून पाटी लावावी लागली.

पाहणीच्या आधल्या दिवशी बाटलीबाईने पुन्हा जाळं फिरवलं. टबात आलेली पिल्लं आता एकसारखी होती. डोकी अंगात बसली होती. सिस्टरने एक पिल्लू ओल्या तळहातावर घेऊन आपल्या मधल्या बोटाशी लावलं. शेपटीचं टोक नखाच्या मुळापर्यंत आलं.

"माझं नख उरतं," ती म्हणाली.

"अध्यक्षांची बोटं आखूड आहेत," वहिनी म्हणाली.

"इतकी नाहीत."

संध्याकाळी अध्यक्षांचा निरोप आला. समितीतल्या दोघांना सवड नाही, पाहणी उद्या नाही, सोमवारी सकाळी. सहज लांबलं की कुणी मुद्दाम लांबवलं, ते निरोपात नव्हतं. बाटलीबाईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "तीन दिवस मिळाले." त्या तीन दिवसांत किती वाढतील, ते तिने याही वेळी सांगितलं नाही, आणि सिस्टरने विचारलं नाही. आभार मात्र मानले.

आज शुक्रवार. सकाळी पावणेसहाला पाण्यावर एकही तोंड नव्हतं. सिस्टरने ताट वर ओढलं. सगळ्यांचं खाऊन त्यात मूठभर खाद्य उरलं होतं.